लॉगरमध्ये नसलेली चाळीस मिनिटं

उर्दू चॅनलमध्ये सतरा वर्षं नोकरी केली म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तुम्हाला उर्दू येतं?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "तिथे आत नेमकं काय चालायचं हो?" पहिल्याचं उत्तर असं, की लिपी मला आजही वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून बातमीतलं सगळं कळतं. दुसऱ्याचं उत्तर असं, की पडद्यावर दिसायचं तेच आत चालायचं. त्याशिवाय सकाळी टँकरवाल्याशी भांडण चालायचं आणि दुपारी एकमेकांच्या डब्यातली भाजी पळवणं चालायचं. एवढं ऐकून विचारणाऱ्याची निराशा होते. त्याला काहीतरी वेगळं हवं असतं.

चॅनल आता बंद आहे. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून कोर्टात आहे आणि वकिलांनी तसं बजावलं आहे. लेख मागताना संपादकांना बहुधा गमतीजमती हव्या होत्या. थोड्या आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पुढे जागा मिळणार नाही.

आमचा स्टुडिओ भोसरी एमआयडीसीत, एका गिअर बनवणाऱ्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होता. वर्कशॉप आणि चॅनल दोन्ही हाजीसाहेबांची. त्यांनी उभं आयुष्य गिअर कापले, चाकणच्या कंपन्यांना पुरवले आणि पन्नाशीत त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या माणसांची बातमी आपल्या भाषेत सांगणारं काहीतरी असावं. खाली गिअरचे दाते कापायची मशीन चालू झाली की वर कॅमेरा थरथरायचा आणि बातमी सांगणारी बाई ताप भरल्यासारखी दिसायची. म्हणून खाली एक लाल दिवा लावला होता. वर बुलेटिन सुरू झालं की मी बटण दाबायचो, खाली दिवा पेटायचा आणि कामगार मशीन थांबवून तंबाखू मळत बसायचे. आमच्या बातम्या वीस मिनिटांपेक्षा लांबल्या की सुपरवायझर जिन्यातून ओरडायचा, "वाघमारे, आवरा राव! जगात एवढं काय घडलंय?"

वाघमारे म्हणजे मी. मूळचा धाराशिवकडचा, आता थेरगावकर. आयटीआय करून डांगे चौकात टीव्ही दुरुस्ती करत होतो, तिथून हाजीसाहेबांनी उचललं. काम कंट्रोल रूमचं. चॅनल म्हणजे खानावळ धरली, तर स्वयंपाक आत कुठेही होवो, ताट बाहेर जातं ते एकाच खिडकीतून. त्या खिडकीवर मी बसायचो. समोर दोन यंत्रं महत्त्वाची. एक प्लेआउट, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले कार्यक्रम, जाहिराती, अजान, हे सगळं ठरल्या वेळी सोडणारं. दुसरं लॉगर. जे काही बाहेर जातं ते सगळं, कोपऱ्यात घड्याळ दाखवत, हे यंत्र टिपून ठेवतं. नव्वद दिवसांचं रेकॉर्डिंग सांभाळणं ही परवानगीची अटच असते. सरकारने मागितलं की द्यायचं. बाकीच्या चॅनलांत लॉगर कोपऱ्यात धूळ खात पडलेला मी पाहिला आहे. आमच्याकडे त्याला रोज फडकं मारलं जायचं, कारण आमच्याकडे मागणी फार होती.

नोटिसा यायच्या. पहिली आली तेव्हा मी घाबरलो होतो, दहावी आली तेव्हा हाजीसाहेबांनी गिअरच्या ड्रॉइंगच्या लोखंडी कपाटातला एक खण त्यासाठी मोकळा केला. बरेचदा इतर चॅनलांनी दाखवलेलीच दृश्यं आम्ही दाखवलेली असायची. त्यांना नोटीस नसायची. एकदा तपासणीला एक साहेब आले. एका दिवसाचं पूर्ण रेकॉर्डिंग दाखवा म्हणाले. मी लावून दिलं. नेमकं त्या दुपारी तीन तास पाककृतीचे जुने भाग लागले होते. साहेब वही उघडून बसले. शेजारी आमच्या वृत्तसंपादक रुखसाना आपा बसल्या होत्या, वाक्यावाक्याचं मराठी करून सांगत होत्या. तिसऱ्या तासाला साहेबांनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि शीरखुर्म्याला दूध किती आटवायचं ते विचारून घेतलं. भला माणूस होता. अहवालात काही वावगं नाही असं लिहून गेला. पण पुढच्या महिन्यात दुसरी नोटीस आलीच, त्यात वेगळे साहेब.

आपांबद्दल सांगायला हवं. पिंपरीतल्या जुन्या घरातल्या, वडिलांचं गॅरेज. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. बोलायला कडक, चूक झाली की माझ्यासकट सगळ्यांना फैलावर घ्यायच्या, पण ती खोलीच्या आत. बाहेरच्या माणसासमोर त्यांनी आमच्यातल्या एकालाही कधी खाली पाहायला लावलं नाही. बातमीत त्यांचा एकच नियम होता. कुणी कुणावर आरोप केला की त्याच बुलेटिनमध्ये दुसऱ्या बाजूला फोन लावायचा. त्याने उचलला नाही तर उचलला नाही असं सांगायचं. "आपल्याला चूक परवडत नाही, भाऊ," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याची चूक म्हणजे चूक असते. आपली चूक म्हणजे पुरावा."

आता माझ्या दुखण्याकडे येतो, म्हणजे अजानकडे.

रमजानमध्ये दिवस मावळताना आम्ही अजान सोडायचो आणि लोक ती ऐकून रोजा सोडायचे. पहिल्या वर्षी मला हे काम म्हणजे दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमासारखं वाटलं. पुण्याची वेळ पाहिली, अजान लावली, झालं. मुंबईत सूर्य आपल्यापेक्षा चार मिनिटं उशिरा मावळतो हे माझ्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुंब्र्याहून एका म्हातारीचा फोन आला. ती ओरडली नाही. म्हणाली, "बेटा, सत्तर साल में मेरा एक रोजा नहीं टूटा था. कल तूने तोड दिया." मी माफी मागितली. ती म्हणाली, "तेरे को क्या माफ करूँ, तेरे को मालूम ही नहीं था." आणि फोन ठेवला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर मी प्रत्येक गावाचा तक्ता केला. नांदेड, परभणी, बीड, मालेगाव, मुंबई. पडद्याच्या खाली गावागावाची वेळ फिरती ठेवली आणि 'ही अजान पुणे-पिंपरीसाठी आहे' अशी पाटी अजानच्या आधी तीनदा दाखवायला लागलो. सिग्नल उपग्रहावर जाऊन सेट टॉप बॉक्समधून घरात उतरेपर्यंत काही सेकंद जातात, तेही मोजले. रमजानचा महिनाभर मी घड्याळाला चिकटलेला असायचो. बायको म्हणायची, "आपल्या सत्यनारायणाला मुहूर्त टळला तर चालतो तुम्हाला." चालायचा. तिथे कुणी सत्तर वर्षं धरून ठेवलेलं नसायचं.

शेवटच्या वर्षी आमच्या परवानगीची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाचा अर्ज दिल्लीत पडून होता. ते मिळालं नाही तर चॅनल बंद, इतकी साधी गोष्ट होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. आपा रोज सकाळी स्टाफला सांगायच्या, हे काही महिने सांभाळून. हाजीसाहेब खाली वर्कशॉपमध्ये जाऊन गिअरांवरून हात फिरवत उभे राहायचे. हे ते काळजीत असले की करायचे.

रमजानचा तिसरा आठवडा असेल. अजानला वीसेक मिनिटं होती आणि प्लेआउट बसलं. बसलं म्हणजे पडदा गोठला. बंद करून चालू केलं तर निळा पडदा. जादाचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. स्टुडिओत आपांचा इफ्तारचा कार्यक्रम थेट चालू होता, तो मिक्सरवरून, म्हणजे कॅमेरे जोडलेल्या वेगळ्या यंत्रावरून जात होता, त्याला धक्का नव्हता. पण अजान प्लेआउटमध्ये होती.

आमच्या लॉगरमध्ये प्लेआउटसारखंच कार्ड होतं. ते चित्र आत घेऊ शकतं किंवा बाहेर देऊ शकतं, पण एका वेळी एकच. म्हणजे लॉगरवरून अजान सोडता येणार होती, मात्र तेवढा वेळ टिपणं बंद ठेवायला लागणार होतं. मी फारसा विचार केला नाही. खरं सांगायचं तर अजिबात केला नाही. रेकॉर्डिंग थांबवलं, अजानची फाइल लॉगरवर घेतली, तारा बदलल्या.  अजान सेकंदाला सुटली. मला आठवतं, मी खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच "वा रे पठ्ठ्या" म्हणालो.

अजान संपता संपता प्लेआउटही शुद्धीवर आलं. आता लॉगर परत टिपायला लावायचा होता. दोन मिनिटांचं काम. पण आमच्याकडे एक रीत होती. अजान झाली की स्टुडिओबाहेरच्या पॅसेजमध्ये सतरंजी पसरलेली असायची आणि पहिला खजूर माझ्या हातावर ठेवायचे. मी रोजा धरत नव्हतो, तरी पहिला मला. हाजीसाहेबांनी घातलेली प्रथा. "घड्याळवाले का हक पहला," म्हणायचे. त्या दिवशी तर मी मैदान मारून आलो होतो. प्लेआउटवर नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत लागलं होतं, नंतर जाहिराती होत्या. मी गेलो, खजूर घेतला आणि सगळ्यांना रंगवून सांगत बसलो की निळा पडदा कसा आला आणि मी काय केलं. लॉगर मी विसरलो. ही माझी चूक. यात सरकार नाही, नशीब नाही, मशीनही नाही.

भज्यांची प्लेट अर्धी झाली असेल, तेवढ्यात टेलिफोनवर बसणारी मुलगी धावत आली. चाकणजवळच्या निघोज्याहून फोन आहे, गोदामाला आग लागली आहे, आतमध्ये माणसं आहेत. आपा तोंडातला घास तसाच घेऊन उठल्या आणि माइकसमोर जाऊन बसल्या. मी कंट्रोल रूममध्ये पळालो, हेडफोन चढवले आणि फोनची लाइन हवेवर, म्हणजे थेट प्रक्षेपणात घेतली.

त्या माणसाचं नाव इथे मी इरफान ठेवतो. बीडकडचा, पॅकिंगचं सामान ठेवायच्या गोदामात ठेकेदाराकडे कामाला. त्याचा धाकटा भाऊही तिथेच. इरफान खजूर आणायला बाहेर गेला होता. परत आला तर धूर. तो जेमतेम मिनिटभर बोलला. म्हणाला, गेटला बाहेरून कुलूप आहे, चावी सुपरवायझरकडे आहे, सुपरवायझर फोन उचलत नाही, आत माझा भाऊ आहे, कुणीतरी या. आपांनी विचारलं, "भाई, आपके भाई का नाम बताइए." आणि लाइन तुटली. आम्ही परत परत लावला, लागला नाही.

त्यानंतर आपांनी त्यांचा नियम पाळला. अग्निशमनवाल्यांना फोन लावला, हवेवरच. तिकडून सांगितलं, गाड्या पोहोचत आहेत, कुलूप होतं की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. आपांनी ते जसंच्या तसं सांगितलं. लोकांनी तिकडे गर्दी करू नये, रुग्णवाहिकेला वाट द्यावी, असं तीनदा म्हणाल्या. सगळं मी ऐकलं. माझे दोन्ही हात फोनच्या आवाजाची पातळी सांभाळण्यात गुंतले होते. ते थोडं निवल्यावर नजर लॉगरकडे गेली. पडदा स्थिर होता. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं होतं.

चाळीस मिनिटं गेली होती.

त्या आगीत तीन पोरं मेली. इरफानचा भाऊ त्यातला एक. चौकशीत गेट उघडं होतं असं निघालं. पण त्याआधीच कुणीतरी घरच्या टीव्हीवरून मोबाइलने घेतलेली वीसेक सेकंदांची चित्रफीत फिरायला लागली होती. त्यात इरफानचं फक्त कुलुपाचं वाक्य होतं, आमचं बोधचिन्ह होतं, आणि वर कुणीतरी पेटवणारा मजकूर चिकटवला होता. तो आमचा नव्हता. दोन दिवसांत गोदामाच्या मालकाच्या दुसऱ्या शेडवर दगडफेक झाली. मग नोटीस आली. खोटी बातमी देऊन शांतता बिघडवली. त्या संध्याकाळचं मूळ रेकॉर्डिंग सादर करा.

इतर वेळी ही नोटीस पाहून आम्ही हसलो असतो. रेकॉर्डिंग दिलं की संपलं. त्यात आपांचा शब्दन् शब्द असता: फोन, अग्निशमनवाले, गर्दी करू नका, सगळं. आयुष्यात एकदा आम्हाला ज्या रेकॉर्डिंगची खरी गरज होती, तेच तेवढं नव्हतं.

मी हाजीसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. आपा तिथेच होत्या. हाजीसाहेब चष्मा पुसत राहिले. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मीच तोंड उघडलं.

"एक करता येईल," मी म्हणालो. "आपा, तुम्ही तीच ओढणी घालून परत बसा. जे बोललात ते सगळं मला पाठ आहे. मी लॉगरचं घड्याळ मागे घेतो आणि परत टिपतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

होणारं काम होतं ते. मला अजूनही वाटतं की पकडलं गेलं नसतं. आणि आम्ही खोटं काही बोलणार नव्हतो, खरं घडलेलंच पुन्हा बोलणार होतो. हाजीसाहेबांनी आपांकडे पाहिलं.

"आणि त्या पोराचा आवाज?" आपा म्हणाल्या. "तो कोण काढणार, भाऊ? तुम्ही? स्टुडिओत उभं राहून कुणी 'माझा भाऊ आत आहे' म्हणून ओरडायचं, आणि नीट नाही जमलं म्हणून परत ओरडायचं?"

 त्या उठल्या आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या.

शेवटी प्रतिज्ञापत्र केलं. माझ्या नावाने, माझ्या सहीने. यंत्र बिघडल्यामुळे आणि नंतर माझ्या विसराळूपणामुळे चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं नाही. वकील म्हणाले, अजानचं कारण लिहू नका, नुसतं तांत्रिक बिघाड लिहा. मी म्हणालो, घडलं तेच लिहिणार. हा माझा बाणा मला फार महाग पडला, पण तेव्हा छाती पुढे होती.

सुनावणीला दिल्लीला गेलो. मी, हाजीसाहेब, वकील. लांबलचक टेबल, पलीकडे चार जण, पाण्याच्या बाटल्या. मधले अधिकारी आवाज न चढवता बोलणारे. माझं प्रतिज्ञापत्र पुढ्यात होतं. त्यांनी हिंदीत विचारलं, "चोवीस तास मशीन चालतं. नेमकी हीच चाळीस मिनिटं गेली?"

"हो, साहेब."

"कशामुळे?"

"अजान सोडायची होती. लोक आमच्या वेळेवर रोजा सोडतात. दुसरं मशीन नव्हतं."

"तुमचं नाव?"

"वाघमारे, साहेब."

त्यांनी कागद परत पाहिला. माझ्याकडे पाहिलं. शेजारच्याने काहीतरी कानात सांगितलं आणि दोघे किंचित हसले. वाईट हसले असं म्हणणार नाही, पण त्या हसण्यात आमचं काम आटोपलं हे मला समजलं. एका वाघमाऱ्याने अजानसाठी सरकारी अट मोडली, हे त्यांच्या दृष्टीने इतकं न पटणारं होतं की त्यापेक्षा आम्ही रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि एका हिंदू माणसाला पुढे केलं, हे पटायला सोपं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आदेश आला. नूतनीकरण नाकारलं. कारणं दोन. एक, नोंद ठेवण्याच्या अटीचा भंग, सोबत माझंच प्रतिज्ञापत्र जोडलेलं. दुसरं, इतर कारणं. ती कोर्टाला बंद लिफाफ्यात देण्यात येतील. हाजीसाहेबांनी वकिलांना विचारलं, "लिफाफे में क्या है?"

"ते आपल्याला बघायला मिळत नाही, हाजीसाहेब."

"मैं चालीस साल से गिअर बनाता हूँ," हाजीसाहेब म्हणाले. "कंपनी माल वापस भेजती है तो चिठ्ठी लगाती है. कितने सूत का फरक है, लिख के देती है. ये तो चिठ्ठी भी नहीं दे रहे." वकिलांनी फाइल मिटली. 

ज्या दिवशी बंद करायचं होतं त्या दिवशी खिडकीवर मीच होतो. आपांनी शेवटचं बुलेटिन वाचलं, त्यात बाजारभाव आणि हवामानही वाचलं. निरोपाचं भाषण केलं नाही. खालचा लाल दिवा पेटलेला होता आणि मशीन थांबवून कामगार जिन्यात येऊन उभे होते. मी सिग्नल काढला. स्टाफमधल्या कुणीही मला दोष दिला नाही. तीस-पस्तीस घरं होती ती. कुणीच काही म्हटलं नाही, याचा त्रास मला अजून होतो.

आपा आता दिघीत एका शाळेत मुलांना मराठी शिकवतात. हाजीसाहेब खालीच असतात, वरचा मजला पॅकिंगला दिला. मी डांगे चौकात माझ्या जुन्या गाळ्याच्या शेजारी छोटी जागा घेतली आहे आणि कंपन्यांच्या गेटवर सीसीटीव्ही बसवतो. निघोज्यालाही बसवले आहेत. रेकॉर्डिंग चालू आहे ना, हे मी तीनदा पाहतो. माझ्याबरोबरची पोरं हसतात.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दुकानात एक माणूस आला. तिशीचा, कंपनीचा निळा शर्ट, ओळखपत्र खिशात घातलेलं. बराच वेळ तारांच्या बंडलांकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, काय हवंय?

"काका, तुम्ही त्या उर्दू चॅनलला होता नव्हं?"

आवाज ऐकला आणि मला कळलं. आवाज हे माझं काम होतं. मी त्याला स्टूल दिलं, चहा सांगितला.  गेली दीड वर्षं मला वाटत होतं की हा माणूस एक दिवस येणार, माझ्या त्या फोनचं रेकॉर्डिंग कुठे आहे म्हणून विचारणार आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणावं लागणार.

"खरंच न्हाई का हो ती रेकॉर्डिंग?" त्याने विचारलं.

"नाही. माझी चूक झाली."

"कुठं कापी बी न्हाई? दिल्लीत, कोर्टात?"

"कुठेच नाही. मला माफ कर."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. कपाळावरचा घाम पुसून तो म्हणाला, "बरं झालं."



मग त्याने सांगितलं. आगीनंतर आठ दिवसांनी ठेकेदार आणि आणखी दोघं त्याच्या खोलीवर आले होते. कुलूप नव्हतं असा जबाब दे, फोन मी केलाच नव्हता असं लिहून दे, दुसऱ्या कंपनीत कायम करतो. गावाकडे आई, भावाची बायको, तिला दोन लेकरं. त्याने लिहून दिलं. आता कोर्टात चॅनलचं प्रकरण चालू आहे असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं आणि दोन महिने त्याला झोप नव्हती. रेकॉर्डिंग निघालं तर जबाब खोटा ठरणार, नोकरी जाणार, वर गुन्हा.

त्याच्या त्या जबाबावरच चौकशीत गेट उघडं निघालं होतं. आमची बातमीही त्यावरच खोटी ठरली होती. मला राग यायला हवा होता. मी आत शोधला, सापडला नाही. तीस-पस्तीस घरं मी एका खजुरापायी बुडवली, याने पाच जणांसाठी एक कागद लिहून दिला. कुणी कुणाला काय बोलायचं.

चहा आला. त्याने कप हातात धरला, प्यायला नाही. उठायच्या बेतात होता, पुन्हा बसला.

"काका, तुमी ऐकलं व्हतं ना तवा?"

"हो. हेडफोनवर मीच होतो."

"मी काय बोललो व्हतो? मला कायबी आठवत न्हाई. लई विचारानं बी आठवत न्हाई. समद्यांला सांगून सांगून आता मलाच वाटाया लागलंय की मी फोन केलाच नव्हता."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला सांगितलं. जसं होतं तसं, त्याच्याच शब्दांत, मधल्या खोकल्यांसकट. हॅलो, हॅलो, कोई है क्या. निघोजे से बोल रहा हूँ. गोदाम में आग लगी है, गेट को बाहर से ताला है. चावी साहब के पास है, साहब फोन नहीं उठा रहा. मेरा भाई अंदर है. मैं दरवाजा ठोक रहा हूँ, वो अंदर से ठोक रहा है. जल्दी आओ, कोई तो आओ.

तो मान खाली घालून ऐकत होता.  संपल्यावर वर न बघता म्हणाला, "त्याचं नाव घेतलं व्हतं का मी? नाव तरी घेतलं व्हतं ना?"

त्याने नाव घेतलं नव्हतं. आपांनी नाव विचारलं आणि लाइन तुटली होती. दिल्लीत चार साहेबांसमोर जो मी एक शब्द इकडचा तिकडे करायला तयार नव्हतो, तोच मी आता त्याच्यासमोर होतो. त्याच्या भावाचं नाव मला वर्तमानपत्रात वाचून माहीत होतं.

"घेतलं होतंस," मी म्हणालो. "सलीम म्हणून दोनदा हाक मारलीस. स्पष्ट ऐकू आलं मला."